इंजिनाची मंदगती

म्हैसूरचे नाव घेतले की राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक, चंदन आणि रेशीम डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु मोटारींचा शौक असणाऱ्यांच्या मनात या नगरीला आणखी एक स्थान आहे. १९६१ साली येथील ‘आयडियल जावा’च्या कारखान्यातून मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. पुढे त्या ‘येझदी’ या नावाने देशभर धावल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला, तरी त्यांच्यावरचा लोकांचा जीव काही उडाला नाही. त्या गाडीचे इंजिन चौकात थांबताच धापा टाकून बंद पडू लागले, तर गॅरेजमधला मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर हाती घेई, कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवी, कान देऊन ऐके आणि ‘रेस’ जागेवर आणून देई.

आज ते काम संगणकाकडे गेले आहे. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’चे नियम लागू झाले आणि दुचाक्यांतूनही कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. हवा किती आली, पेट्रोल किती सोडावे, ठिणगी केव्हा पाडावी, याचा निर्णय एक लहानशी पेटी दर सेकंदाला अनेकवार करते. काही हौशी मंडळी शर्यतीसाठी किंवा जुन्या गाडीच्या पुनरुज्जीवनासाठी ही पेटी काढून बाजारात मिळणारा दुसरा संगणक बसवितात. मग गाडी वेगात उत्तम धावते. पण सिग्नलपाशी थांबली की गचके देते, हेलकावे खाते आणि बंद पडते. असे का व्हावे, हा आजचा आपला विषय आहे.

कारखान्यातून आलेला संगणक हा त्या इंजिनाचा जुना कारभारी असतो. थंडीत, उन्हात, दिवे लागल्यावर, पंखा सुरू झाल्यावर काय करावे, याची टिपणे त्याच्या दप्तरात आधीच भरलेली असतात. नवा संगणक मात्र बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्यासारखा असतो. तो कर्तबगार असेल. पण या तालुक्याची नोंदवही त्याच्यापुढे कोरी आहे. ती भरल्यावाचून त्याच्याकडून सुरळीत कारभाराची अपेक्षा करणे अन्यायाचे होय.

ही उणीव मंदगतीतच का उघडी पडते? चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असते, तेव्हा सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात, आणि प्रत्येक स्फोटाची शक्ती इंजिनाचे स्वतःचे घर्षण भागविण्यापुरतीच असते. शिल्लक काही नाही. पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरचेच उदाहरण घ्या. आज्ञा मिळाल्यापासून तो प्रत्यक्ष उघडेपर्यंत सुमारे एक मिलिसेकंद वाया जातो. पूर्ण भारावर इंजेक्टर दहा-पंधरा मिलिसेकंद उघडा असतो. तेथे अर्ध्या मिलिसेकंदाची चूक पचून जाते. मंदगतीत सारा कालावधीच दोन-तीन मिलिसेकंदांचा असतो. तेथे तीच चूक इंजिनाचा घास काढून घेते. शिवाय विजेचा दाब उतरला की हा वाया जाणारा काळ वाढतो. म्हणूनच दिवे आणि पंखा लावताच इंजिन उपाशी पडून थांबते. दोष दिव्यांचा नसून, विजेच्या प्रत्येक दाबाला किती काळ वाया जातो याचा तक्ता संगणकाला दिलेला नसतो, हे त्याचे कारण होय.

तेव्हा उपाय कोणत्या क्रमाने करावा? पहिला नियम असा की, आकड्यांना हात लावण्यापूर्वी यंत्र तपासावे. इंजिनाकडे जाणारी एखादी रबरी नळी तडकली असेल, तर मोजणीबाहेरची हवा चोरवाटेने आत शिरते. तिचा बंदोबस्त संगणकाच्या कोणत्याही कोष्टकाने होत नाही. बॅटरी आणि ‘अर्थिंग’ पाहावे. थ्रॉटल पूर्ण मिटलेला असताना त्याचा सेन्सर शून्य दाखवितो की नाही, ते पाहावे. मग संगणकाला ठिणगी एका ठराविक अंशावर, समजा दहावर, रोखून धरावयास सांगावे आणि टायमिंग लाइटच्या उजेडात पुलीवरील खूण तेथेच दिसते काय, याची खात्री करावी. संगणक दहा म्हणतो आणि खूण पंधरा दाखविते, अशी स्थिती असेल तर पुढचा सारा हिशेब खोटा ठरतो.

एवढे झाल्यावर पेट्रोलचा तक्ता, नंतर मंदगतीची हवा सोडणारी झडप, आणि मग ठिणगी. येथे एक मर्म आहे. झडप उघडली तरी हवा सिलिंडरापर्यंत पोहोचून परिणाम दिसण्यास वेळ लागतो. ठिणगीचा परिणाम मात्र पुढच्याच स्फोटात दिसतो. म्हणून मंदगतीत ठिणगी मुद्दाम थोडी उशिरा ठेवतात. फेरे घटू लागताच ती चार-पाच अंश आधी पाडली की इंजिन लगेच सावरते. ऑक्सिजन सेन्सरच्या साहाय्याने होणारी आपोआप दुरुस्ती सर्वांत शेवटी चालू करावी. आधी केली तर ती मूळ चुका झाकून टाकते आणि स्वतःच हेलकावे निर्माण करते.

ब्रेक लावून थांबतानाच इंजिन बंद पडत असेल, तर कारण बहुधा निराळे असते. उतारावर पाय काढला की संगणक पेट्रोल तोडतो. ते पुन्हा सुरू करण्याची मर्यादा फार खाली ठेवली असेल, तर इंजिन सावरण्याआधीच थांबते. ही मर्यादा वर न्यावी आणि हवेची झडप एकदम न मिटता सावकाश मिटेल असे करावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपून ठेवावा.

आता भूगोलाकडे वळू. मुंबई समुद्रसपाटीला, म्हैसूर सुमारे ७६० मीटर उंचीवर, आणि तेथून सव्वाशे किलोमीटरांवरचे उटी सुमारे २,२४० मीटरवर. म्हैसुरात हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी, तर उटीला जवळजवळ पाव हिश्श्याने कमी असतो. केवळ थ्रॉटलच्या कोनावरून पेट्रोल ठरविणारा संगणक मुंबईच्याच हिशेबाने पेट्रोल ओतीत राहतो आणि इंजिन गुदमरते. दाब मोजणारा सेन्सर असला तरी झडपेच्या त्याच फटीतून विरळ हवा कमी येते, म्हणून ती फट वाढवावी लागते.

श्रोतेहो, हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. मसिनगुडीकडे उतरणाऱ्या कल्हट्टी घाटात ३६ तीव्र वळणे आहेत. तेथे इंजिन बंद पडले तर स्टिअरिंग जड होते. आणि इंजिनाच्या निर्वात शक्तीवर चालणारे ब्रेक एक-दोन वेळा दाबताच पायाला दगडासारखे लागतात. ज्या गाडीची मंदगती भरवशाची नाही, ती घाटात नेऊ नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतील फेरफारांवर बंधने घालते. तेव्हा परिवहन कार्यालयात आधी चौकशी करणे हेही शहाणपणाचेच आहे.

जुन्या मिस्त्रीचा कान आणि नवा संगणक यांत वैर मानण्याचे कारण नाही. संगणक मोजतो खरे. परंतु काय मोजावे आणि किती मानावे, हे त्याला कोणीतरी धीराने शिकवावे लागते. थंड इंजिन, तापलेले इंजिन, दिव्यांचा भार, डोंगराची चढण या सर्व अवस्थांतून गाडी नेऊन ज्याने ही नोंदवही पुरी केली, त्याच्या गाडीत घरच्या माणसांनी निर्धास्तपणे बसावे.