अर्धी दुरुस्त झालेली पिकअप विकताना

म्हशाची जत्रा आपल्या सर्वांच्या माहितीची आहे. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात ती भरते. तिथे बैलांचा मोठा बाजार असतो. घेणारा बैलाचे दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. जुनी माणसे तर रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत. पैसे दिले, पावती फाडली, बैल गेला. पुढे त्या बैलाने कोणाला शिंग मारले, तर कोणी जुन्या धन्याच्या दारात येत नाही.

गाडीचे तसे नाही. गाडी दारातून गेली तरी कागदावर ती तुमचीच राहते. कागद बदलेपर्यंत तिचे बरेवाईट तुमच्या माथी असते.

आपली उंबरमाळी खर्डी आणि कसारा या स्टेशनांच्या मध्ये. मुंबई-नाशिक रस्ताही जवळ. त्यामुळे शहापूर-मुरबाडच्या गावागावांत आता पिकअप दिसते. भेंडी-काकडी कल्याणच्या बाजारात न्यायची, पेंढा न्यायचा, विटा आणायच्या, लग्नाचे मांडवसामान न्यायचे. आपण तिला टेंपोही म्हणतो. टेंपो हे खरे तर एका कंपनीच्या गाडीचे नाव. १९५८ साली मुंबईत बजाज टेंपो कंपनी निघाली आणि तीनचाकी टेंपो रस्त्यावर आले. पुढे मालाच्या सगळ्याच लहान गाड्यांना लोक टेंपो म्हणू लागले. २००५ साली टाटांची एस गाडी आली, तिला लोकांनी छोटा हत्ती केले. नाव ठेवण्यात आपले लोक हुशार!

आता समजा, एका शेतकऱ्याने जुनी पिकअप घेतली. इंजिनाचे काम केले, नवे पिस्टन टाकले, क्लच प्लेट बदलली. तेवढ्यात पेरणी आली. हातातला पैसा बी-खतात गेला. हौद्याचा पत्रा सडका राहिला, रंग राहिला, मागचे दोन टायर गोटा झाले. गाडी अंगणात उभी. वर मुलीची कॉलेजची फी भरायची आहे. म्हणून गाडी विकायची. गिऱ्हाईक दारात येते आणि विचारते, "दादा, काय घेणार?"

भाव कसा काढावा? पुष्कळ जण म्हणतात, "घेतली तेवढे, अधिक घातले तेवढे." हा हिशेब आम्हांला पटत नाही. इंजिनाला तुम्ही सत्तर हजार घातले हे खरे. पण घेणारा तुमच्या खर्चाचे पैसे देत नाही. त्याच्या हातात काय येते, त्याचे तो देतो. म्हणून हिशेब उलटा मांडावा. तसलीच, त्याच सालची, पूर्ण तयार गाडी बाजारात कितीला जाते ते चार ठिकाणी विचारावे. समजा, १,८०,००० रुपये. आता राहिलेले काम मोजू. पत्रा व रंग ३०,०००. दोन टायर १०,०००. पासिंग व थकलेला कर १५,०००. एकूण ५५,०००. वजा जाता उरले १,२५,०००. शिवाय घेणाऱ्याला गॅरेजच्या खेपा घालाव्या लागणार, आत काय निघेल याची धास्ती राहणार. त्यापोटी तो आणखी पाच-दहा हजार कमी मागेल. त्यात रागावण्यासारखे काही नाही. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, पण रीत हीच धरावी.

आधी राहिलेले काम उरकून मग विकावी का? टायर, दिवे, ब्रेक यांचे काम करून घ्यावे, कारण त्याशिवाय गाडी चालवून दाखवता येत नाही. रंगाचे काम मात्र सहसा करू नये. ताजा रंग दिसला की शहाण्या गिऱ्हाइकाच्या मनात पहिला प्रश्न येतो, खाली काय लपवले? तो खिशातून लोहचुंबक काढतो आणि पत्र्याला लावतो. जिथे पुट्टी जाड भरली आहे तिथे चुंबक धरत नाही. उघडा गंज दिसला तर तो भाव पाडून मागेल, एवढेच. लपवलेला सापडला तर तुमचा इंजिनाचा शब्दही खोटा ठरेल. आणि हे कायद्यातही बसत नाही. १८७२ सालच्या करार कायद्याप्रमाणे माहीत असलेला दोष मुद्दाम झाकून ठेवणे ही फसवणूक आहे. तसा सौदा घेणारा मोडू शकतो.

म्हणून गॅरेजची बिले, नव्या सामानाच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि दाखवाव्यात. "इंजिन केले आहे" या नुसत्या बोलण्यापेक्षा एक मळकट बिल जास्त बोलते.

घेणाऱ्याने गाडी थंड असताना यावे. गरम इंजिन पटकन चालू होते, त्यावरून काही कळत नाही. चालू केल्यावर धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. पांढरा धूर थंडीत क्षणभर आला तर चालेल, पण येतच राहिला तर पाणी आत जात असेल. मग गाडी कसाऱ्याच्या चढाला न्यावी. सपाटीवर सगळ्याच गाड्या गुणी असतात. मात्र पासिंग संपलेली गाडी रस्त्यावर काढू नये. मालाच्या गाडीला लायकीचा दाखला नसेल, तर कायद्याने ती नोंदणी नसल्यासारखीच. विमाही चालू हवा. तो नसेल तर अंगणातच पुढे-मागे करून दाखवावी.

पासिंगबद्दल दोन शब्द. आठ वर्षे झालेल्या मालगाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते. घेणाऱ्याला हे आधीच सांगावे. इंजिन नंबर आणि चासी नंबर आर.सी. बुकाशी ताडून द्यावेत. दुरुस्तीत दुसरेच इंजिन बसवले असेल, किंवा रंग बदलला असेल, तर त्याची नोंद आर.टी.ओ. कडे झालेली हवी. नाहीतर पासिंगच्या वेळी घेणारा अडकतो आणि परत तुमच्याकडे येतो.

आता कागद. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असतो, तसा आर.सी. वरही असतो. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप गेला असे समजू नये. बँकेचे पत्र आणि नमुना ३५ देऊन तो उतरवावा लागतो. आणि जमिनीचा जसा फेरफार, तसे गाडीचे नाव बदलणे. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० आहेत. २९ म्हणजे विकणाऱ्याने दिलेली खबर. ती चौदा दिवसांत द्यायची. ३० हा नाव चढवण्याचा अर्ज. तो घेणाऱ्याने तीस दिवसांत करायचा, त्यावर दोघांच्या सह्या लागतात. गिऱ्हाईक गुजरातचे असेल, तर आधी ना हरकत दाखला काढावा लागतो. विमा आपल्या नावावर करून मागण्यासाठी घेणाऱ्याला चौदा दिवस असतात.

इथेच आपले लोक चुकतात. एजंट म्हणतो, "काका, कोऱ्या कागदावर सह्या करा, बाकी मी बघतो." काका सह्या करतात. एजंट गाडी दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. नाव मात्र काकांचेच.

याचा एक खटला दिल्लीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एका माणसाने २००७ साली आपली मोटार विकली. ती पुढे एका हातातून दुसऱ्या हातात गेली. २००९ साली तिने दोघांना धडक दिली, त्यात एकाचा जीव गेला. पहिला मालक म्हणाला, "मी गाडी केव्हाच विकली." फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी गाडी कोणाकोणाच्या हातात फिरली ते शोधत बसावे, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. आम्हांला हा निकाल योग्य वाटतो. पण जुन्या मालकावर काय प्रसंग आला असेल, तेही विसरता येत नाही.

म्हणून सही करण्याआधी कागदावर घेणाऱ्याचे नाव, पत्ता, गाडीचा नंबर भरून घ्यावा. वाचता येत आहे, तर सावकाश वाचावे, गिऱ्हाईक थांबेल. गाडी ताब्यात देताना एक साधी पावती करावी. तीत तारीख लिहावी आणि वेळही लिहावी, कारण दुपारी गेलेल्या गाडीला संध्याकाळी अपघात होऊ शकतो. कोणते काम झाले आहे, कोणते राहिले आहे, हेही तीतच लिहावे: "हौद्याचा पत्रा सडका, मागचे टायर खराब, हे पाहून घेतले." दोन साक्षीदार घ्यावेत. आधारकार्डाची नक्कल दिली, तर तिच्यावर आडवे लिहावे, "फक्त या गाडीच्या विक्रीसाठी." गाडीवर दंडाची चलने थकली असतील तर ती कोण भरणार, ते आधी ठरवावे. सगळे पैसे हातात आल्याशिवाय चावी देऊ नये. महिना झाला की नाव बदलले का, ते स्वतः पाहून घ्यावे. हल्ली गाडीचा नंबर घालून मोबाईलवरही ते दिसते, मुलांना सांगितले तर ती दाखवतील.

राहिलेल्या कामासाठी तुम्ही काही सामान आणून ठेवले असेल, दिव्याची काच, फाळक्याचे बिजागर, दाराचे रबर, तर ते गोणीत भरून गाडीबरोबरच द्यावे. काढलेले जुने सामानही द्यावे. जॅक आणि पाना मात्र मोजून, पावतीत लिहून.