थंडीची पहाट, घाट आणि गाडीची काच

पनवेलला बर्फ पडत नाही. त्यामुळे हिवाळ्यासाठी गाडी तयार करायची असते, हेच इथे फारसे कुणाच्या मनात येत नाही. पावसाळ्याआधी वायपर बदलले जातात, उन्हाळ्याआधी एसी तपासला जातो. थंडी तशीच निघून जाते. पण डिसेंबर-जानेवारीत लग्नासाठी, महाबळेश्वरच्या सहलीसाठी पहाटे चारला घर सोडून कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागणाऱ्या गाड्या कमी नसतात. गाढी नदीच्या काठी धुके, त्यात धूळ आणि धूर मिसळून झालेले धुरके, आणि तासाभरात सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरचा खंडाळा. एवढ्या प्रवासात पहिली दगा देते ती काच.

गाडीत चार-पाच माणसे श्वास घेत असतात. त्या श्वासातली वाफ थंड काचेवर साचते आणि समोरचा रस्ता पुसट होतो. मग चालक एका हाताने काच पुसतो. बोटांचा तेलकटपणा काचेला लागतो, आणि समोरून येणाऱ्या दिव्यांचा झगमगाट आणखी पसरतो. यावर उपाय म्हणजे एसी चालू ठेवून तापमान वाढवणे, हवेचा झोत काचेकडे वळवणे आणि आतलीच हवा फिरवणारे बटण बंद करून बाहेरची हवा आत घेणे. एसी फक्त थंड करतो असे नाही, तो हवा कोरडीही करतो. थंडीत एसी कशाला, असे म्हणणारे नेमके इथेच चुकतात. निघण्याच्या आदल्या दिवशी काच आतून स्वच्छ पुसावी. मळकट काचेवर वाफ लवकर धरते.

घाटात धुके लागले की अनेकजण दिव्याचा झोत लांब करतात. धुक्यातल्या थेंबांवरून तो प्रकाश उलटून डोळ्यांवर येतो आणि पुढे पांढरी भिंत दिसते. झोत खालीच हवा. गाडी चालू असताना चारही इंडिकेटर लावून जाणेही घातक, कारण मग ती वळणार आहे की नाही हे मागच्याला कळत नाही. धुक्यात वेगाचा अंदाज डोळ्यांवर सोडू नये, काट्याकडे पाहावे. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. पुढचे 30 मीटरच दिसत असतील तर दोन सेकंदही हाताशी नसतात, आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एक-दीड सेकंद लागतो.

टायरमधली हवा थंडीत थोडी उतरते. टायर गार असताना, म्हणजे निघण्यापूर्वीच, ती तपासावी.

चालकाची तयारी मात्र कोणत्याही गॅरेजमध्ये होत नाही. पहाटे दोन ते सहा ही शरीराची गाढ झोपेची वेळ. त्यात थंडीत सर्दी असते, आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामिनसारखे पेंग आणणारे औषध असते. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल पहाटेही उरू शकतो. गाडी चालवायची आहे हे डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला आधी सांगितले, तर बहुधा दुसरा पर्याय मिळतो. मोठ्याने गाणी लावून झोप जात नाही. चहा-कॉफीचा परिणाम व्हायलाही अर्धा तास लागतो. खालापूरजवळच्या फूड मॉलवर थांबून कॉफी घ्यावी आणि पंधरा-वीस मिनिटे डुलकी काढावी, हे जास्त उपयोगी. रस्त्याच्या कडेला मात्र थांबू नये.

आणि डुलकी काढताना इंजिन बंद हवे. थंडी वाजते म्हणून काचा लावून, इंजिन आणि हीटर चालू ठेवून झोपणे जिवावर बेतू शकते. सायलेन्सरला किंवा धुराच्या नळीला गळती असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, चक्कर येते. झोपलेल्याला यातले काही कळतच नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन गरम करत ठेवणे तेवढेच धोक्याचे. पीयूसी प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नये; ती चाचणी नळीच्या टोकाशी होते, गाडीखालची गळती तिला दिसत नाही. हिवाळ्यापूर्वी मेकॅनिककडून ती नळी खालून पाहून घ्यावी.

गाडीतल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर ते पित्त समजू नये. इंजिन बंद करून सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि 108 वर फोन करावा. कुणाकडे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असेल आणि त्यात 98 दिसले, तरी थांबू नये. या वायूने भरलेले रक्तही त्या यंत्राला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते.