फ्रस्ट्यूल : डायाटमचे सिलिकाचे कवच

डायाटम, म्हणजेच करंडक वनस्पती, या एकपेशीय शैवलाभोवती सिलिकाचे कठीण कवच असते. त्याला फ्रस्ट्यूल म्हणतात. पाण्यात विरघळलेले सिलिसिक आम्ल शोषून पेशी ते घडवते. कवचाचे दोन भाग असतात. डब्यावर झाकण बसावे तसा मोठा भाग लहान भागावर बसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर नक्षीसारखी, ओळीने मांडलेली छिद्रे दिसतात. त्यांतून पोषकद्रव्ये आत येतात.

पेशीविभाजनात प्रत्येक नव्या पेशीला जुन्या कवचाचा एकेक भाग मिळतो आणि ती त्यात बसणारा लहान भाग नव्याने तयार करते. त्यामुळे बहुतेक जातींत पिढ्यांगणिक सरासरी आकार घटत जातो. पुढे लैंगिक प्रजननातून ऑक्झोस्पोर ही फुगणारी पेशी तयार होते व मूळ आकार परत मिळतो.

मृत डायाटमांची कवचे तळाशी साचून डायाटमी माती बनते. आल्फ्रेड नोबेल यांनी 1867 मध्ये पेटंट घेतलेल्या डायनामाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन शोषून घेण्यासाठी हीच माती वापरली होती. सच्छिद्र असल्यामुळे आज ती पाणी व पेये गाळण्यासाठी उपयोगी पडते. पृथ्वीवरील सुमारे 20 टक्के प्रकाशसंश्लेषण या कवचधारी शैवलांकडून होते.