दुखण्याला दंड-बैठका?

व्यायाम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तालमीतली तांबडी माती, मारुतीची तसबीर आणि घामाने निथळणारा गडी उभा राहतो. ज्याला न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरावी लागते, त्याला कुणी वजने उचलायला सांगितले तर आपण सांगणाऱ्याच्याच डोक्याविषयी शंका घेऊ. पण वाचकहो, आज नेमके हेच सांगितले जाते.

मल्टिपल स्क्लेरोसिस हे त्या दुखण्याचे नाव. मराठीत त्याला सुटसुटीत शब्द नाही, आणि भाषेचा मास्तर असूनही मी तो घडवण्याच्या फंदात पडत नाही. विजेच्या तारेवर रबरी वेष्टन असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचे वेष्टन असते. शरीराची संरक्षक यंत्रणाच उलटून त्यावर तुटून पडते. मग मेंदूचा हुकूम पायापर्यंत धड पोहोचत नाही. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी १८६८ साली या विकाराचे पद्धतशीर वर्णन केले. बहुधा विशी ते चाळिशीतच तो माणसाला गाठतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक.

माझी धाकटी बहीण संगमनेरला असते. तिला हे दुखणे जडल्यावर सासरच्यांनी तिला फुलासारखे जपले. सासूबाई पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देत. "तू बस गं, आम्ही करतो," हे वाक्य त्या घरात दिवसातून पन्नासदा होई. वर्षभरात तिच्या मांड्या काटकुळ्या झाल्या. त्यात रोगाचा वाटा किती आणि बसून राहण्याचा किती, हे कोण सांगणार?

या मायेच्या पाठीशी जुने वैद्यकही होते. ऊटहोफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली नोंदवले, की श्रमानंतर अशा काही रुग्णांची दृष्टी अंधुक होते. हा प्रताप अंग तापल्याचा, आणि अंग निवले की नजर पूर्ववत होते, हे पुढे कळले. पण "श्रम टाळा" हा सल्ला कित्येक दशके टिकला. १९९६ साली अमेरिकेत यूटा येथे रुग्णांना पंधरा आठवडे व्यायाम देऊन पाहिला. २००९ साली डेन्मार्कमधील प्रयोगात बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, पायांना वजनाचा व्यायाम दिला. ताकद वाढली, उठणे-चालणे सुधारले. मूळ रोग याने बरा होत नाही, हे मात्र ध्यानात असावे.

यासाठी मुंबई-पुणेच गाठले पाहिजे असे नाही. फिजिओथेरपीची महाविद्यालये आपल्याच जिल्ह्यात लोणीला व विळद घाटात आहेत. प्रथम जाणकाराकडून तपासून घ्यावे, हे उत्तम. कारण कुणाचा पाय लुळा, तर कुणाचा ताठर. बहिणीचे साहित्य पाहाल तर हसाल: एक भक्कम खुर्ची, पाण्याच्या दोन बाटल्या, घोट्याला बांधायची वाळूची पिशवी. हात न टेकता खुर्चीतून उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणे; प्रत्येकी दहा-पंधरा वेळा, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये विश्रांती. नगरी उन्हाळ्यात हे सारे उन्हे चढण्यापूर्वी, पंख्याखाली, मानेवर ओला पंचा टाकून.

आता सासूबाई शेजारी बसून आकडे मोजतात. सुरुवातीला त्या चारानंतर एकदम सात म्हणत! गेल्या महिन्यात बहीण जिना चढून गच्चीवर गेली. उतरताना मेहुण्यांचा हात लागला. डावे पाऊल अजून फरफटते. पाण्याचा तांब्या मात्र ती स्वतः भरून घेते, आणि सासूबाईंनाही देते.