विश्लेषण : डिजिटल रेडिओ घरात आला की गप्प का होतो?

गाडीत खणखणीत वाजणारा डिजिटल रेडिओ स्वयंपाकघरात मात्र ऐन बातम्यांच्या वेळी अडखळतो, ही ब्रिटनमधल्या श्रोत्यांची जुनी तक्रार. तिथे बीबीसीने सप्टेंबर १९९५ मध्ये ‘डॅब’ पद्धतीचे डिजिटल प्रसारण सुरू केले. ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याकडील खासगी डिजिटल रेडिओबाबत शिफारशी केल्या. त्यातल्या सुरुवातीच्या शहरांत मुंबई, पुणे आणि नागपूर आहेत. तेव्हा हे दुखणे समजून घेतलेले बरे.

खरखर कुठे गेली?

एफएमचा सिग्नल क्षीण झाला की खरखर वाढते, पण निवेदकाचे शब्द बराच वेळ कळत राहतात. उरलेले आपला कान भरून काढतो. डिजिटलमध्ये आवाज शून्य आणि एकच्या भाषेत येतो. वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून सोबत थोडी जादा माहितीही पाठवलेली असते. चुका मर्यादेत असतील तोवर आवाज अगदी स्वच्छ. मर्यादा ओलांडली की कड्यावरून पाय घसरावा तसा कारभार! जुन्या डॅबमध्ये त्याआधी चिखलात बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येतो. नव्या ‘डॅब प्लस’मध्ये तेवढीही पूर्वसूचना नाही, जवळपास थेट शांतता. त्यामुळे सिग्नल जरासाच कमी असला तरी श्रोत्याला वाटते, रेडिओच बिघडला.

दोष भिंतीचा की चार्जरचा?

बहुतेक वेळा दोघांचाही. डॅबच्या लहरी १७४ ते २४० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. जाड दगडी भिंत, सळयांचे काँक्रीट, उष्णता रोखण्यासाठी लावलेला चकचकीत पत्रा किंवा धातूचा थर दिलेली काच यांतून त्या आत येताना दुबळ्या होतात. तळमजला आणि तळघर यांची अवस्था सर्वांत वाईट. त्यात स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि वायफायच्या डब्याचा अडॅप्टर आपापला विद्युत गोंगाट मिसळतात. एफएमवर तो ऐकू तरी येतो. डिजिटलवर तो फक्त चुकांची संख्या वाढवतो, त्यामुळे गुन्हेगार सापडत नाही.

आणखी एक गंमत आहे. या लहरींची लांबी साधारण दीड मीटर. खोलीतल्या भिंतींवर आपटून त्या एकमेकींत मिसळतात, तेव्हा कुठे सिग्नल बळावतो, तर तिथून हातभर अंतरावर जवळपास नाहीसा होतो. फडताळाच्या एका टोकाला मुका असलेला संच दुसऱ्या टोकाला गाऊ लागतो, त्यात चमत्कार काही नाही.

मग करायचे काय?

अँटेना पूर्ण बाहेर काढून उभी ठेवा. डॅबच्या लहरी सहसा उभ्याच सोडल्या जातात. आडवी अँटेना ही सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक. संच खिडकीजवळ, शक्यतो वरच्या मजल्यावर, फ्रिज आणि चार्जरपासून दूर ठेवा. अनेक संचांच्या पडद्यावर सिग्नलची गुणवत्ता दिसते. ती पाहत संच वीतभर इकडेतिकडे सरकवा. मग केंद्रांचा शोध पुन्हा एकदा घ्या. एवढ्यानेही जमले नाही तर छतावरची अँटेना हाच खरा उपाय, पण त्यासाठी संचाला बाहेरची अँटेना जोडायची सोय हवी. सर्वांत स्वस्त संचांत नेमकी तीच नसते. मोबाइलवर ऐकता येतेच, पण त्यात डेटा जातो. शिवाय वादळात मोबाइलचे टॉवर बंद पडले की रेडिओची खरी गरज असते तेव्हाच आवाज जातो.

एफएम बंद केले तर?

नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम बंद केले, तेही जनमत चाचण्यांत बहुसंख्य लोक विरोधात असताना. ब्रिटनने मात्र २०१५ चे उद्दिष्ट सोडून दिले आणि एफएमला किमान २०३० पर्यंत अभय दिले. घरातले प्रसारण ऐकणाऱ्यांत वृद्ध अधिक असतात, हे लक्षात घेता ब्रिटनची सावधगिरी शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे काय?

आकाशवाणीने ‘डीआरएम’ हे वेगळे तंत्र निवडले आणि मध्यम लहरींची अनेक प्रक्षेपण केंद्रे त्यासाठी सज्ज केली. या लहरी शेकडो किलोमीटर जातात, मात्र सळयांच्या इमारतीत शिरताना धापा टाकतात आणि चार्जरच्या गोंगाटाचा त्यांना डॅबपेक्षाही जास्त त्रास होतो. त्यात असे संच दुकानात सहज मिळत नाहीत, गाड्यांत मात्र आहेत. ‘ट्राय’च्या शिफारशींत एफएमच्या जोडीनेच डिजिटल प्रसारण करण्याची कल्पना आहे, म्हणजे जुना संच लगेच अडगळीत जाणार नाही. पण सिग्नल पोहोचला की नाही हे रस्त्यावर गाडीतून मोजायचे की चाळीतल्या तळमजल्याच्या खोलीत, हा प्रश्न परवाने देण्याआधीच विचारायला हवा.