नात्यातले पोरके मूल सांभाळताना

मामाच्या, काकाच्या किंवा आजीच्या घरी वाढणारी मुले आपल्याकडे नवी नाहीत. कडेगाव परिसरात एखाद्या घरची आई गेली, बाप गेला, की दहाव्या-बाराव्याला नातलग बसतात आणि पोरांचे काय करायचे ते ठरते. कागद नाही, अर्ज नाही. कुणीतरी म्हणतो, "माझ्या तिघांत चौथं," आणि मूल त्या घरचे होते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. ती मुले साऱ्या महाराष्ट्राला दिसली. २०२१ च्या कोरोना लाटेत आईबाप गेलेली मुले मात्र अशी एकत्र दिसली नाहीत. ती निमूटपणे नातलगांच्या घरात सामावली गेली.

ही माणसे मोठ्या मनाची असतात यात शंका नाही. पण वर्षा-सहा महिन्यांनी तीच माणसे दवाखान्यात येऊन कुरकुरत असतात. पोरगं खोटं बोलतंय, अंथरुण ओलं करतंय, अभ्यासात लक्ष नाही, गोड बोललं तरी अंगावर येतंय. "आमच्या पोरांपेक्षा जास्त करतो, तरी हे असं!" हे वाक्य तर ठरलेलेच.

एका आजींनी मुलीच्या मुलाला तपासायला आणले होते. वय सात. तक्रार अशी, की जेवण झाले की हा अर्धी भाकरी पळवतो आणि उशाखाली ठेवतो. रात्री मुंग्या होतात. "डॉक्टर, घरात खायला काय कमी हाय का? चोरीची सवय लागली ह्याला." मुलाचे वजन ठीक होते, पोट मऊ होते. हे पोर चोर नव्हते. ज्याची आई आठ दिवसांत नाहीशी झाली, त्याला उद्याची भाकरीही नाहीशी होईल असे वाटले, तर त्यात नवल काय? मी आजींना सांगितले, एक झाकणाचा डबा घ्या, त्यात चिक्की, फुटाणे, चतकोर भाकरी ठेवा आणि हा डबा तुझा, कुणी हात लावणार नाही असे त्याला सांगा. डबा रिकामा झाला तर न बोलता भरा. आजींना हा उपाय काही पटला नाही, पण त्यांनी केला. दोन-अडीच महिन्यांनी उशाखालच्या मुंग्या गेल्या.

मोठा आघात सोसलेल्या मुलाचे शरीर सावध राहायला शिकते. घरात एकदा चोर येऊन गेला, की पुढे महिनाभर मांजराने भांडे पाडले तरी आपण उठून बसतो. या मुलांचे तसेच असते, फक्त ते महिनाभर नव्हे तर कित्येक वर्षे चालते. कुणी आवाज चढवला, दार आपटले, घरातले मोठे माणूस सांगितल्या वेळेला परतले नाही, की छाती धडधडते, पोटात दुखते, झोप लागत नाही. वर्गात फळ्याकडे पाहण्याऐवजी त्याचे लक्ष दाराकडे असते. मास्तर म्हणतात मठ्ठ आहे. काही मुले उलट वागतात. अजिबात रडत नाहीत, हट्ट करत नाहीत, सांगितलेले सगळे ऐकतात. 'किती गुणी पोरगी' म्हणून कौतुक होते. मला काळजी वाटते ती या गुणी मुलांची जास्त. आपण नकोसे झालो तर काय, या धास्तीने ती शहाणी झालेली असतात.

म्हणून अशा घरांत एक वाक्य कधीही उच्चारू नये. 'नीट वागला नाहीस तर परत पाठवून देईन.' आपल्या पोटच्या पोराला आपण रागाने 'बुवा घेऊन जाईल' म्हणतो, ते त्याला खोटे आहे हे ठाऊक असते. या मुलाला मात्र एकदा घर गेल्याचा अनुभव आहे. त्याला ते खरेच वाटते. मग काही मुले मुद्दाम जास्त त्रास देऊ लागतात, जणू विचारतात, एवढे केले तरी ठेवाल का? पाहुण्यांसमोर 'आम्ही सांभाळलं म्हणून, नाहीतर...' हे बोलणेही तितकेच वाईट. शिस्त लावावी, नियम घरातल्या सर्व मुलांना एकच असावेत, पण चूक झाली तर त्या चुकीपुरते बोलावे. मारणे तर नकोच. माराने भीती वाढते आणि खोडही वाढते.

दुसरी गोष्ट लपवाछपवीची. 'आई मुंबईला गेलीय' असे सांगून वर्ष-वर्ष काढलेली घरे मी पाहिली आहेत. मूल प्रत्येक एसटीकडे पाहत राहते. शेवटी शेजारचे पोर भांडणात खरे सांगून टाकते. लहान मुलांना तर आपल्यामुळेच आई गेली असेही वाटते. म्हणून साध्या शब्दांत खरे सांगावे. आजाराने गेली, तुझ्यामुळे नाही, आता तू आमच्याकडेच राहणार. फोटो लपवू नयेत. दत्तक मुलांनाही हेच लागू. तीन-चार वर्षांपासून गोष्टीसारखे सांगत गेले, की पुढे धक्का बसत नाही. जोतिराव व सावित्रीबाई फुल्यांनी १८७४ मध्ये एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतले ते उघडपणे. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने पुण्याजवळ रुग्णसेवा केली.

प्रेमाने घर मिळाले तर किती फरक पडतो, हे रुमानियात पाहिले गेले आहे. बुखारेस्टमध्ये २००० सालापासून अनाथालयातल्या १३६ मुलांचा अभ्यास झाला. त्यांतली निम्मी मुले पालक-कुटुंबांत ठेवली. ती अनेक बाबतींत पुढे गेली, आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना विशेष फायदा झाला. मोठी मुलेही सुधारतात, फक्त वेळ लागतो.

आता अंथरुण ओले करण्याविषयी. पाच वर्षांवरचे मूल सहा महिने कोरडे राहून पुन्हा सुरू झाले, तर आधी लघवी तपासावी. जंतुसंसर्ग, मधुमेह, बद्धकोष्ठता यांपैकी काही नाही ना ते पाहावे. काहीच नसेल, तर सकाळी चादर गुपचूप बदलावी आणि शेजारणीला सांगत बसू नये.

खर्चाचाही प्रश्न असतो. अनाथ किंवा एक पालक गेलेल्या मुलांसाठी राज्य शासनाची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करावा लागतो. मिळणाऱ्या पैशाला संकोच करू नये, मात्र 'तुझे पैसे' असे मुलासमोर म्हणू नये.

मूल सारखे मरणाविषयी बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, खाणे-बोलणे सोडले असेल किंवा कुणी त्याच्याशी वाईट वागल्याचा संशय असेल, तर वाट पाहू नये. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे मानसोपचार विभाग आहे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि मुलावर अत्याचार होत असेल तर १०९८ वर कळवावे. आजी-आजोबा फोन लावायला कचरत असतील, तर घरातल्या शिकलेल्या मुलाने लावून द्यावा.