समुद्रगीतांचा राखणदार

श्रम सरला की त्यातून जन्मलेले गीतही मुके होते. शिडांच्या जहाजांवर एक जण पद गाई. सारे खलाशी पालुपद धरून एका झटक्यात दोर ओढीत. वाफेची यंत्रे आली आणि ही गाणी ओसरली. इंग्लंडचे स्टॅन ह्यूगिल (१९०६–१९९२) हे त्या परंपरेतील अखेरचे गायक. १९२९ साली केप वर्दे बेटांजवळ फुटलेल्या ‘गार्थपूल’ जहाजावर ते गात असत. पुढे पाय मोडून घरी पडले असता त्यांनी आठवणीतली गाणी लिहून काढली. १९६१ साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला.

आमच्या दूधगंगाकाठची मोट गेली, जातेही थांबले. वाचकहो, घरच्या वडीलधाऱ्यांना मोटेवरची गाणी, जात्यावरच्या ओव्या आठवत असतील, तर आज सायंकाळीच वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. पाय मोडण्याची वाट कशाला पाहावी?